पाच प्रश्न, हजार उत्तरपत्रिका : आयआरटी हाताने करून पाहिली त्याच्या नोंदी

३ जून

आमच्याकडे तर्कक्षमतेची २० प्रश्नांची चाचणी आहे. आजवर बरोबर उत्तरं मोजायची, बेरीज लिहायची, संपलं. आता तिला पद प्रतिसाद सिद्धांत, म्हणजे सगळे ज्याला आयआरटी म्हणतात तो, लावायचा आहे : प्रश्नाचं काठिण्य आणि माणसाची पातळी एकाच पट्टीवर मोजणारा. त्याचं तयार संगणक पॅकेज चालवता मला येतं. आकडेही बाहेर पडतात. पण गेल्या बैठकीत कोणीतरी सरळच विचारलं, "काठिण्य उणे १.३ म्हणजे प्रश्न सोपा की अवघड? आणि कोणाच्या मानाने?" मी जे उत्तर दिलं ते मलाच पटलं नाही.

म्हणून ठरवलं : पॅकेज बाजूला. आधी सगळं स्वतः लिहायचं, तेही अशा माहितीवर जिची उत्तरं छापलेली आहेत, म्हणजे चूक लपणार नाही. आमची चाचणी त्यानंतर.

माहिती निवडली ती लॉ स्कूल ॲडमिशन टेस्टच्या सहाव्या विभागाची : ५ प्रश्न, १००० परीक्षार्थी, प्रत्येक उत्तर बरोबर किंवा चूक. बॉक आणि लीबरमन यांनी १९७० च्या लेखात ती वापरली, तेव्हापासून या विषयातल्या जवळपास प्रत्येकाने तिच्यावर हात साफ केला आहे. 'आर' या सांख्यिकीच्या संगणकभाषेच्या 'एलटीएम' पॅकेजमध्ये ती तयार मिळते.

आज फक्त मोजदाद केली. प्रश्नवार बरोबर उत्तरं : ९२४, ७०९, ५५३, ७६३, ८७०. एकूण गुणांप्रमाणे माणसं : शून्यवाले ३, एकवाले २०, मग ८५, २३७, ३५७, आणि पाचही बरोबर असलेले २९८. पाच प्रश्नांचे ३२ आकृतिबंध होऊ शकतात, प्रत्यक्षात ३० दिसतात. फक्त दुसरा आणि तिसरा बरोबर, किंवा फक्त दुसरा आणि चौथा बरोबर, असं एकही माणूस नाही.

म्हणजे १००० ओळी नकोतच, ३० ओळी आणि प्रत्येकीपुढे संख्या एवढं पुरतं. हे मला तिसऱ्या तासाला सुचलं. तोवर १००० ओळींची स्प्रेडशीट कण्हत होती.

५ जून

पहिला प्रयत्न, आणि तो फसला.

सूत्र एका ओळीचं आहे. माणसाची पातळी थीटा. तिच्यातून प्रश्नाचं काठिण्य वजा करायचं, उरेल त्याला भेदनक्षमतेने (प्रश्न वरच्या आणि खालच्या पातळीची माणसं किती ठळक वेगळी करतो तो आकडा) गुणायचं आणि ते लॉजिस्टिक वक्रात (कुठल्याही आकड्याला ० ते १ मध्ये आणणाऱ्या) घालायचं, की बरोबर उत्तराची संभाव्यता मिळते. रॅश प्रतिमानात, म्हणजे आयआरटीच्या सगळ्यात साध्या रूपात, भेदनक्षमता सगळ्या प्रश्नांना एकच. मला वाटलं, माणसांचे थीटा आणि प्रश्नांची काठिण्यं दोन्ही अज्ञात ठेवू आणि स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरला सांगू, की निरीक्षणं सर्वांत संभाव्य ठरतील अशा किमती शोध.

सॉल्व्हर पळत सुटला. पाचपैकी पाच मिळवणाऱ्यांचा थीटा ६ झाला, मग ९, मग १४. थांबायचं नाव नाही. चूक त्याची नव्हती. सगळं बरोबर सोडवणाऱ्याला जितकं वर न्याल तितकं त्याचं निरीक्षण जास्त संभाव्य होतं, त्याला वरून अडवणारा प्रश्नच चाचणीत नाही. शून्यवाल्यांचं तेच, उलट्या दिशेने.

मग मी सोयीचा रस्ता धरला : हे ३०१ लोक काढून टाकले. उरले ६९९. आता सॉल्व्हर थांबला आणि मी खूश झाले. छापील आकड्यांशी ताडून पाहिलं तर सगळ्यात सोप्या आणि सगळ्यात अवघड प्रश्नातलं अंतर अडीचच्या जागी तीनच्याही थोडं पुढे. क्रम अगदी बरोबर, पण रबर ताणल्यासारखं सगळं फाकलेलं.

यात दीड दिवस गेला. आधी वाटलं ३०१ माणसं काढल्यामुळे झालं. तसं नाही. दुखणं हे, की प्रत्येक नव्या माणसाबरोबर एक नवा अज्ञात आकडा येतो. माणसं कितीही वाढवा, प्रत्येकाबद्दलची माहिती पाच उत्तरांपलीकडे जात नाही, आणि त्या कच्च्या थीटांची चूक काठिण्यात झिरपते. दोनच प्रश्नांच्या चाचणीत हा फुगवटा बरोबर दुप्पट होतो, पाच प्रश्नांना साधारण सव्वापट. लांब चाचणीत तो जाणवत नाही, म्हणून ही पद्धत काही ठिकाणी अजून वापरतात. पाच प्रश्नांना ती लावणं हा शुद्ध आडमुठेपणा होता.

९ जून

स्प्रेडशीट सोडली, पायथनमध्ये लिहायला घेतलं.

नवी पद्धत : माणसांचे थीटा शोधायचेच नाहीत. गटात पातळी कशी पसरलेली असेल याबद्दल एक गृहीत धरायचं (प्रसामान्य वितरण, मध्य ०, प्रमाण विचलन १) आणि प्रत्येक आकृतिबंधाची संभाव्यता त्या सगळ्या पसाऱ्यावर सरासरी करून काढायची. मग अज्ञात उरतात फक्त प्रश्नांचे. बॉक आणि एटकिन यांनी १९८१ मध्ये हे वेगाने करण्याची युक्ती दिली. थीटाच्या पट्टीवर ठरावीक बिंदू घ्या. आत्ताच्या किमती खऱ्या मानून प्रत्येक बिंदूवर किती माणसं बसतील आणि त्यांतली किती हा प्रश्न सोडवतील याचा अंदाज करा. त्या अंदाजावरून प्रश्नांच्या किमती सुधारा, आणि पुन्हा पहिल्यापासून. आकडे हलायचे थांबेपर्यंत.

मी −४ ते ४ मध्ये ०.२ च्या अंतराने ४१ बिंदू घेतले. आकडे स्थिरावले. लॉग-लाइकलिहुड (या किमती धरल्या तर ही माहिती किती संभाव्य, याचा लॉगॅरिदम; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) आला −८५७ च्या आसपास. छापील उत्तर आहे −२४६६.९३८.

आता गंमत अशी, की माझी काठिण्यं बरोबर आली होती, चुकला होता फक्त हा एक आकडा. प्रश्नांच्या किमती जुळतात, मग काळजी कशाला, असं म्हणून पुढे जायचा मोह झाला. बरं झालं गेले नाही, कारण पुढच्या सगळ्या तुलना याच आकड्यावर होणार होत्या.

रात्री उशिरा सापडलं. दोन्हींतला फरक १६०९. माणसं १०००. म्हणजे दरमाणशी १.६०९, आणि हा ५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. ५ कुठून आला? बिंदूंमधलं अंतर ०.२, म्हणजे एक पंचमांश. मी वक्राची उंची सरळ वजन म्हणून वापरली होती, अंतराने गुणलंच नव्हतं, त्यामुळे वजनांची बेरीज १ ऐवजी ५ होत होती. एका ओळीची दुरुस्ती : वजनांना त्यांच्या बेरजेने भागा. आता −२४६६.९४.

१० जून

छोटी नोंद, पण यात अख्खी दुपार गेली म्हणून लिहिते.

पहिल्या प्रश्नाला माझा आकडा २.७३०. पॅकेजच्या तक्त्यात −३.६१५. चिन्ह उलटं, आकार वेगळा. मी कोड तीनदा वाचला. कोड बरोबर होता, आम्ही दोघं वेगळ्या गोष्टी छापत होतो. मी थीटाला भेदनक्षमतेने गुणून त्यात एक स्थिरांक मिळवत होते आणि तोच छापत होते. तक्त्यात होतं काठिण्य. स्थिरांकाला भेदनक्षमतेने (०.७५५१) भागा आणि चिन्ह बदला : −३.६१५. बाकीचे चारही लगेच जुळले : −१.३२२, −०.३१८, −१.७३०, −२.७८०.

काही पॅकेज एक छापतात, काही दुसरं, आणि स्तंभाच्या डोक्यावर एकच अक्षर असतं. दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडायच्या आधी तो स्थिरांक आहे की काठिण्य ते विचारा. स्थिरांक मोठा म्हणजे प्रश्न सोपा. काठिण्य मोठं म्हणजे प्रश्न अवघड.

११ जून

आज १.७.

एका जुन्या टिपणातून सूत्र उतरवून कोडची दुसरी प्रत केली, तर भेदनक्षमता ०.७५५ ऐवजी ०.४४४. लॉग-लाइकलिहुड मात्र दोन्हीकडे तोच. कालच्या अनुभवामुळे या वेळी वीस मिनिटांत उलगडलं : टिपणात घातांकामध्ये १.७ चा गुणक होता. ०.७५५ भागिले १.७ म्हणजे ०.४४४. जुन्या काळी लॉजिस्टिकऐवजी प्रसामान्य वितरणाचा संचयी वक्र वापरत. लॉजिस्टिक वक्राला १.७०२ ने ताणलं की दोघांतलं अंतर कुठेही ०.०१ च्या वर जात नाही. त्या जुन्या एककाशी नातं राहावं म्हणून हा गुणक ठेवला गेला, आणि काहींनी तो नंतर सोडून दिला. इंच आणि सेंटिमीटरसारखी गोष्ट आहे, फक्त पट्टीवर कुठलं ते लिहिलेलं नसतं.

१४ जून

हा मला सगळ्यात महत्त्वाचा दिवस वाटतो.

रॅशवाले भेदनक्षमता १ धरतात हे माहीत होतं. म्हणून ०.७५५ च्या जागी १ ठेवून पुन्हा चालवलं. लॉग-लाइकलिहुड −२४७३.०५४ झाला, सहा अंकांनी घसरला. मी सांख्यिकीवाल्या सरांना संदेश केला, की रॅश या माहितीला बसत नाही. त्यांचा फोन आला.

"मध्य आणि विचलन किती धरलंत?"

"शून्य आणि एक."

"आणि भेदनक्षमता पण एक? मग तुम्ही पट्टी दोन्ही टोकांना खिळे ठोकून बसवलीत. एक खिळा काढा."

एक खिळा काढला : भेदनक्षमता १ ठेवली आणि गटाचं विचलन मोकळं सोडलं. विचलन आलं ०.७५५, लॉग-लाइकलिहुड पुन्हा −२४६६.९३८. अगदी तेच प्रतिमान, वेगळ्या एककात.

मग फोन ठेवल्यावर डोक्यात स्वच्छ झालं. थीटाच्या पट्टीला स्वतःचं शून्य नाही आणि स्वतःचं एककही नाही. दोन्ही आपण द्यायचे. गटाची सरासरी शून्य धरा, किंवा प्रश्नांच्या काठिण्याची सरासरी शून्य धरा. गटाचा पसारा एक धरा, किंवा भेदनक्षमता एक धरा. एवढी निवड ही नुसती सोय. पण गरजेपेक्षा एक अट जास्त लावली, की ती सोय राहत नाही, तो जगाबद्दलचा दावा होतो आणि माहिती तो खोटा पाडू शकते. इथे पाडलाच : फरकाची दुप्पट १२.२३, आणि एका अटीसाठी निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्याची मर्यादा, ५ टक्के पातळीला, ३.८४.

बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. काठिण्य उणे १.३ म्हणजे ज्याची पातळी या १००० जणांच्या सरासरीपेक्षा १.३ विचलनं खाली आहे, त्याची हा प्रश्न सोडवण्याची शक्यता निम्मी. 'या १००० जणांच्या' हे शब्द वगळले तर वाक्याला अर्थ उरत नाही.

१५ जून

सुरुवातीच्या किमती यादृच्छिक देऊन पाहिल्या, सगळं टिकतंय का बघायला. एका खेपेला भेदनक्षमता −०.७५५ आली आणि ९२४ जणांनी सोडवलेल्या प्रश्नाचं काठिण्य +३.६१५. लॉग-लाइकलिहुड तोच! पट्टी उलटी धरली गेली : मोठा थीटा म्हणजे कमी क्षमता. गणिताला वर-खाली कळत नाही. भेदनक्षमतेची सुरुवात धन किमतीपासून करायला लागले, विषय संपला.

१८ जून

आता प्रत्येक प्रश्नाला स्वतःची भेदनक्षमता. कोडमध्ये दोन ओळींचा बदल. उत्तरं : ०.८२५, ०.७२३, ०.८९१, ०.६८९, ०.६५८. लॉग-लाइकलिहुड −२४६६.६५३.

चार जादा किमती मोजून मिळालं काय? फरकाची दुप्पट ०.५७, आणि चार किमतींसाठी मर्यादा ९.४९. काहीच मिळालं नाही. या माहितीला एकच भेदनक्षमता पुरते.

तरीही व्यक्तींचे थीटा काढून पाहिले, आणि इथे मला कोड मोडल्याची खात्रीच पटली. चार बरोबर असलेले दोघं घेतले. पहिल्याचा फक्त तिसरा प्रश्न चुकला, जो पाचांत सगळ्यात अवघड आहे. दुसऱ्याचा फक्त पाचवा चुकला, जो १००० पैकी ८७० जणांना आला. पहिल्याला मिळाला −०.०२, दुसऱ्याला ०.१४. अवघड प्रश्न चुकवणारा खाली आणि सोपा चुकवणारा वर! उलटी गंगा.

दीड तास चूक शोधली. ती नव्हतीच. या प्रतिमानात थीटा ठरतो तो बरोबर प्रश्नांच्या भेदनक्षमतांच्या बेरजेवर. एकदा प्रश्नांच्या किमती ठरल्या की कोणाचा कोणता प्रश्न बरोबर आला यातलं काठिण्य वेगळं मोजलं जात नाही, ते सगळ्यांना सारखंच लागू असतं. तिसऱ्याची भेदनक्षमता ०.८९१, पाचव्याची ०.६५८. तिसरा चुकवणाऱ्याने जास्त गमावलं, एवढंच. रॅशमध्ये सगळ्यांचं वजन सारखं, म्हणून चार गुण म्हणजे ०.०५, मग कुठलाही प्रश्न चुको.

"अवघड प्रश्नाला आयआरटी जास्त गुण देते" हे वाक्य मी स्वतः दोन कार्यशाळांत सांगितलं आहे. ज्यांनी ऐकलं त्यांची माफी.

२० जून

प्रमाण त्रुटी, म्हणजे काढलेला थीटा साधारण कितीने चुकू शकतो. इथे पाच प्रश्नांच्या चाचणीचं पितळ उघडं पडलं.

एकूण गुणांच्या पद्धतीत सगळ्या चाचणीला मिळून एक विश्वसनीयता असते. तिचा नेहमीचा आकडा म्हणजे अल्फा. या पाच प्रश्नांचा अल्फा मी हाताने काढला : ०.२९५. वाईट, पण कुठे वाईट ते तो सांगत नाही. आयआरटीत पट्टीवरच्या प्रत्येक जागेला वेगळं उत्तर मिळतं. प्रत्येक प्रश्नासाठी त्या जागी बरोबर आणि चूक यांच्या संभाव्यतांचा गुणाकार घ्यायचा, भेदनक्षमतेच्या वर्गाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज. ही झाली त्या जागची माहिती. एकला तिच्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी.

एक भेदनक्षमतावाल्या प्रतिमानाने काढलेले आकडे : थीटा −२ ला माहिती ०.६०, त्रुटी १.२९. थीटा ० ला ०.४४ आणि १.५१. थीटा २ ला ०.१६ आणि २.४७.

पूर्ण गटाचं विचलन १ आहे आणि गटाच्या मध्यावर चाचणीची त्रुटी १.५! म्हणजे परीक्षा न घेता "हा सरासरी माणूस असेल" म्हटलं तरी त्याहून कमी चूक झाली असती. पाच प्रश्न मिळून ०.४४ एवढं सांगतात, आणि आपण आधीच धरलेलं वितरण १ एवढं सांगतं. म्हणून तर थीटा मध्याकडे इतके ओढले जातात : शून्य गुणांना −१.९१, तीनला −०.४७, चारला ०.०५, पाचला ०.५९. ते २९८ जण, जे पहिल्या प्रयत्नात सॉल्व्हरमध्ये अनंताकडे पळाले होते, सगळे एका जागी ०.५९ वर उभे. त्यांच्यातला कोण किती वर, हे या पाच प्रश्नांना विचारून उपयोग नाही. पाचही काठिण्यं शून्याच्या खाली आहेत. खालच्यांना ओळखायला चाचणी थोडीफार चालेल, वरच्यांना नाही.

२४ जून

तिसरी किंमत, अंदाजाने बरोबर येण्याची. १९६८ साली लॉर्ड आणि नोव्हिक यांच्या ग्रंथात बर्नबॉम यांच्या प्रकरणांतून हे प्रतिमान लोकांसमोर आलं. बहुपर्यायी प्रश्नाला ते असायलाच हवं असं वाटतं.

दिवसभर चालवलं. लॉग-लाइकलिहुड जागचा हलत नाही, आणि तळाची किंमत मात्र जिथून सुरुवात करावी तिच्या आसपासच घुटमळते. कारण आता दिसतं : वक्राचा तळ बघायला तळाशी माणसं लागतात. पहिल्या प्रश्नाचं काठिण्य −३.६. त्याच्याही खाली, जिथे लोक नुसता अंदाज करतील, तिथे १००० जणांत जवळपास कोणी नाही. ज्या जागेवर माणूसच नाही तिथली माहिती कोड कुठून आणणार? सोडून दिलं.

२ जुलै

आता आमची चाचणी. २० प्रश्न, ४१२ उत्तरपत्रिका.

पहिली खेप वाया. शेवटचे चार प्रश्न भयंकर अवघड निघाले, आणि ते चाचणी रचणाऱ्यांनी मध्यम म्हणून घातले होते. उत्तरपत्रिका उघडून बसले. कितीतरी जणांच्या शेवटच्या ओळी सलग कोऱ्या. वेळ संपली होती. नोंदणी करताना कोऱ्याला आम्ही सरसकट शून्य दिलं होतं. वेळेअभावी न गाठलेला प्रश्न आणि वाचून सोडलेला प्रश्न हे एकच कसं? मधली कोरी जागा शून्यच ठेवली, शेवटून सलग कोऱ्या असलेल्या 'माहिती नाही' केल्या. ४१२ पत्रिका पुन्हा चाळायला दोघींना दोन दिवस लागले. चारांपैकी तीन प्रश्न मध्यम जागी आले. (प्रश्नांचं काठिण्य ठरवताना ही युक्ती चालते. गुण देताना चालेलच असं नाही, नाहीतर लोक मुद्दाम शेवट कोरा सोडतील.)

चौथ्याची, म्हणजे १९ व्या प्रश्नाची, भेदनक्षमता उणे. एकट्याची. पट्टी उलटी धरली असती तर सगळेच उणे झाले असते. जास्त पातळीचे लोक तो जास्त चुकत होते. प्रश्न वाचला, सोडवला, उत्तरतालिका पाहिली. तालिकेत 'ब', बरोबर उत्तर 'ड'. ही चाचणी तीन वर्षं वापरात आहे. पुढचं लिहीत नाही.

६ जुलै

सात आणि आठ क्रमांकाच्या प्रश्नांची भेदनक्षमता ४ च्या वर, बाकी सगळे ०.६ ते १.८ मध्ये. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, वा, काय प्रश्न काढलेत! १५ जूनपर्यंतच्या मीने ते अहवालात कौतुकाने लिहिलं असतं.

दोन्ही प्रश्न एकाच उताऱ्यावर होते, आणि सातव्याचं उत्तर चुकलं की आठवा चुकणारच. थीटा बाजूला काढल्यावरही दोघांची उत्तरं एकमेकांना बांधलेली. वेंडी येन यांनी १९८४ मध्ये यासाठी सोपी तपासणी दिली : प्रत्यक्ष उत्तरातून अपेक्षित संभाव्यता वजा करा, आणि उरलेल्या भागांचा प्रश्नाप्रश्नांत सहसंबंध काढा. सगळ्या जोड्यांत शून्याच्या आसपास, या एकाच जोडीत ठळक मोठा. आमच्या प्रतिमानाला वाटत होतं की या दोघांचं इतकं जमतं म्हणजे थीटा तोच असणार, म्हणून पूर्ण पट्टी त्या उताऱ्याकडे कलली होती.

दोन्ही मिळून ०, १, २ गुणांचा एकच प्रश्न केला आणि त्याला समेजिमा यांचं १९६९ चं श्रेणीवार प्रतिमान लावलं. बाकी प्रश्नांच्या भेदनक्षमता थोड्या वर आल्या, त्रुटीही थोडी वाढली. आधीची कमी त्रुटी फुकटची होती, एकच माहिती दोनदा मोजलेली.

१९ जुलै

दुसरी तुकडी आली, वेगळा गट, सुधारलेली चाचणी : ८ प्रश्न जुनेच, ११ नवे, वरच्या पातळीसाठी मुद्दाम अवघड. स्वतंत्रपणे चालवलं. गटाची सरासरी ०, विचलन १.

अहवालाच्या मसुद्यात मी टाइप केलं : "दोन्ही तुकड्यांची सरासरी पातळी सारखी आहे." मग बोटं थांबली. सारखी असणारच, दोन्ही वेळा ० मीच धरलं आहे.

१४ जूनची नोंद पुन्हा वाचली. जुन्या ८ प्रश्नांच्या किमती पहिल्या तुकडीत आल्या होत्या तिथेच बांधून ठेवल्या आणि दुसऱ्या गटाचा मध्य आणि विचलन मोकळं सोडलं. सरासरी आली ०.३८. आठांपैकी एक प्रश्न मात्र दोन तुकड्यांना जोडणाऱ्या या सांध्यात नीट बसत नाही : बाकी सात ज्या दिशेने सरकतात तिच्या उलट जातो. तो नव्या छपाईत पान उलटल्यावर पहिलाच येतो, जुन्या छपाईत पानाच्या मध्यात होता. त्याचं कारण तेच असेल असं नाही. तूर्त त्याला सांध्यातून सोडवलं, सात प्रश्नांवर पुन्हा चालवलं, ०.४१.

मसुद्यातलं वाक्य खोडलं. उद्या त्या पानाची मूळ प्रत मागवायची आहे.